ब्लीकलोच्या पठारावरचे विमान

इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफिल्ड या दोन शहरांच्या मधल्या भागात ब्लीकलो नावाचे एक उजाड पठार आहे. त्याची उंची ६३३ मीटर, म्हणजे आपल्या तोरणमाळपेक्षा बरीच कमी. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला त्याला डोंगर म्हणणेही जड जाईल. तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरच्या काही वर्षांत या पठारावर व आसपासच्या टेकड्यांवर इतकी लष्करी विमाने आदळली की, आजही तिथे चालताना गवतातून पत्र्याचे तुकडे डोकावताना दिसतात. मुलगी मँचेस्टरला असल्यामुळे मला तिथे जाता आले आणि जावयांच्या सोबतीने पठारावरच्या हायर शेल्फ स्टोन्स या खडकाळ जागेजवळ पडलेल्या बी-२९ सुपरफोर्ट्रेस या अमेरिकन बनावटीच्या बॉम्बफेकी विमानाचे अवशेष पाहता आले.

तिथली जमीन म्हणजे हजारो वर्षे साचत गेलेल्या, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा काळा थर आहे. पाऊस झाल्यावर कपाशीच्या काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत रुतावा, तसा तो तिथे बाराही महिने रुततो. त्या चिखलात इंजिने पडलेली आहेत. एकेका इंजिनाला गोलाकार मांडलेले अठरा सिलिंडर होते; त्यांतल्या काहींवरच्या, हवेने गार होण्यासाठी ठेवलेल्या पातळ कडा अजून बोटाने मोजता येतात. लोखंड गंजून तांबूस झाले आहे, ॲल्युमिनियम मात्र पांढरट राखाडी होऊन टिकून राहिले आहे. जवळच स्मृतिफलक आहे आणि त्याभोवती लोकांनी वाहिलेली लाल खसखशीची कागदी फुले व लाकडी क्रूस आहेत.

हे विमान ३ नोव्हेंबर १९४८ रोजी पडले. युद्ध संपून तीन वर्षे झाली होती. १९४६ साली प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर झालेल्या अमेरिकेच्या अणुचाचण्यांची छायाचित्रे घेणाऱ्या विमानांपैकी ते एक होते, आणि त्या दिवशी स्कॅम्प्टनच्या विमानतळावरून बर्टनवूडच्या विमानतळाकडे, जेमतेम अर्ध्या तासाच्या प्रवासाला निघाले होते. डोंगर ढगांत बुडालेला होता. डोंगररांग मागे पडली, आता खाली उतरायला हरकत नाही, असे वैमानिकाला वाटले असावे. विमानातील तेराही जण मृत्युमुखी पडले.

युद्धकाळातील बहुतेक अपघातांची जातकुळी हीच आहे. शत्रूच्या गोळ्यांनी नव्हे, तर ढग, अंधार आणि वाऱ्याच्या चुकलेल्या अंदाजाने ही विमाने डोंगरावर आदळली. वेग, दिशा आणि घड्याळ यांवरून आपण कोठे आहोत याचा हिशेब करायचा असे. प्रत्यक्ष वारा अंदाजापेक्षा ताशी तीस किलोमीटरने वेगळा निघाला, तर तासाभरात विमान तीस किलोमीटर भलतीकडे गेलेले असे. शहरांचे दिवे युद्धामुळे विझवलेले असत आणि विमानात पुष्कळदा विशीतली, अजून शिकत असलेली मुले असत. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे, ५ हजारांहून अधिक जण प्रशिक्षणातील अपघातांतच गेले, ही गोष्ट युद्धाच्या कथांमध्ये फारशी येत नाही. ब्लीकलोजवळच्या जेम्सेस थॉर्न या टेकडीवर १८ मे १९४५ रोजी, म्हणजे युरोपातील युद्ध संपल्यानंतर दहाच दिवसांनी, सरावाला निघालेले लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान आदळले आणि त्यातील सहाही कॅनेडियन गेले. त्याच टेकडीवर २४ जुलैला डाकोटा नावाचे एक अमेरिकन मालवाहू विमान आदळले. त्यात सात जण होते. घरी परतायची वेळ आलेली असताना गेलेल्या या तेरा जणांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

धुळ्याला परतल्यावर मी फोटो दाखवत होतो, तेव्हा भंगाराचा व्यवसाय करणाऱ्या एका शेजाऱ्याने विचारले, “आप्पा, इतलं ॲल्युमिनियम पडेल शे, अन् कोनीच लई नई गया?” प्रश्न रास्त होता. युद्धात ॲल्युमिनियमला मोल होते, त्यामुळे हवाई दलाची पथके जेवढे नेता येईल तेवढे नेत. जिथे गाडी पोहोचत नसे तिथले मात्र फोडून, पुरून किंवा तसेच टाकून दिले जाई. पुढे हौशी लोकांनीही बरेच भाग उचलून नेले. १९८६ साली ब्रिटनने लष्करी अवशेषांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानुसार पडलेले लष्करी विमान, ते कोणत्याही देशाचे असो, परवान्याशिवाय खोदता, हलवता वा नेता येत नाही. मला हा कायदा अतिशय योग्य वाटतो. संग्रहालयात चकचकीत करून ठेवलेले इंजिन आपल्याला यंत्र दाखवते. चिखलातले इंजिन माणसे कोठे आणि कशी गेली, ते दाखवते.

स्कॉटलंडमधील बेन मोर ॲसिंट या डोंगरावर तर माणसेही तिथेच आहेत. १३ एप्रिल १९४१ रोजी हिमवादळात सापडलेले एक ॲन्सन विमान तिथे पडले आणि सुमारे सहा आठवड्यांनी सापडले. जागा इतकी दुर्गम होती की सहाही जणांना जवळच पुरावे लागले. २०१३ साली तिथे हेलिकॉप्टरने ग्रॅनाइटची शिळा नेऊन ठेवण्यात आली.

आपल्याकडे हिमाचलात ७ फेब्रुवारी १९६८ रोजी १०२ जणांसह बेपत्ता झालेल्या हवाई दलाच्या एएन-१२ विमानाचे अवशेष २००३ साली सापडले, आणि २०२४ मध्येही आणखी चार जवानांचे मृतदेह बर्फातून बाहेर काढण्यात आले. त्यामुळे सगळे होते तिथेच राहू द्यावे, असे मी म्हणणार नाही. माणसे शक्य तोवर घरी आणावीत. पत्रा मात्र तिथेच राहू द्यावा.

खानदेशातली पुष्कळ मुले आता इंग्लंडमध्ये नोकरीला आहेत, आणि आईवडील त्यांच्याकडे जातात. मँचेस्टरला गेलात तर ब्लीकलोला जरूर जा. स्नेक पास रस्त्याच्या माथ्यावरून पेनाइन वे ही पायवाट धरावी. नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवावे, कारण ढग उतरले की तिथे वाट दिसेनाशी होते. तुकडा खिशात घालू नये. हाड किंवा दारूगोळ्यासारखे काही दिसले, तर हात न लावता जागेची नोंद करून पोलिसांना कळवावे.