मोहर्ली रस्त्यावरच्या कॅरॅव्हॅनच्या चार खिडक्या

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. मोहर्ली रस्त्यालगतच्या एका शेतात जुनी परदेशी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, उभी आहे. चौदा फुटी, एका ॲक्सलची, बाहेरून नालीदार ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत लाकडी सांगाडा. ताडोबाला येणारे पाहुणे तिच्यात उतरतात. मालकांचा प्रश्न एकच, "भाऊ, दर साली सिलिकॉन भरतो, तरी पानी येतेच. काहून?"

अर्धं उत्तर लांबूनच दिसत होतं. चारही चौकटींवर सिलिकॉनचे थरावर थर चढलेले. खालच्या कडेला पाणी निघायची जी बारीक भोकं असतात, तीही त्यात बुजली होती. काचेवरून उतरणारं थोडं पाणी चौकटीच्या खाचेत जातंच. ते या भोकांतून बाहेर पडावं, अशीच त्या खिडकीची रचना आहे. भोकं बंद झाली की खाच भरते आणि पाणी आतल्या बाजूला ओसंडतं. म्हणजे गळती थांबवायला भरलेल्या मसाल्यानेच ती वाढवली होती.

आधी भोकं मोकळी केली, मग पाण्याची परीक्षा. एक जण टॉर्च घेऊन आत, एक जण बाहेर पाइप घेऊन. धार मंद ठेवायची आणि सुरुवात नेहमी खालून करायची. वरून ओतलं तर सगळीकडे एकदम ओलं होतं आणि पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. खालची कड दहा मिनिटं भिजवली, काही नाही. बाजू भिजवल्या, काही नाही. वरचा डावा कोपरा धरला आणि चौथ्या मिनिटाला आत थेंब दिसला, पण खालच्या उजव्या कोपऱ्यात! पाणी चौकटीच्या मागून लाकडावरून फिरत आलं होतं. डाग पडतो तिथेच भोक असेल असं समजून मसाला भरत राहिलं की पैसे वाया जातात ते असे.

तीन खिडक्या चौकटीच्या मागून गळत होत्या. चौथी, मागची, अख्खी पंधरा मिनिटं भिजवूनही कोरडी राहिली. पाइप दीड फूट वर, छताच्या कडेच्या पट्टीवर नेला तेव्हा दोन मिनिटांत आत पाणी उतरलं. पट्टीचे तीन स्क्रू गंजून सैल झाले होते. ही खिडकी आम्ही खोललीच नाही. फक्त पट्टी उतरवून नवी टेप देऊन बसवली.

समोरच्या खिडकीने जास्त वेळ घेतला. स्क्रू काढले, हीट गनने कड हलकी तापवली, पातळ पुट्टी-पत्ती फिरवत चौकट सोडवली. घाईने ओढली तर ॲल्युमिनियमची कड वाकते आणि ती पुन्हा सरळ होत नाही. चौकटीखालचं कारखान्यातलं मूळ पॅकिंग वाळून मडक्याच्या खापरीसारखं झालं होतं, बोटाने मोडत होतं. त्याखालच्या आडव्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत गेला. चौदा इंच लाकूड भिजलेल्या भुशासारखं हातात आलं. बाहेरून सिलिकॉनने कोंडलेलं पाणी पावसाळाभर तिथेच मुरलं होतं.

लाकूड दोन दिवस उघडं ठेवलं. चंद्रपूरकडचं मेचं ऊन इतर कामात जीव घेतं, इथे ते कामी आलं. मग चांगलं लाकूड लागेपर्यंत, अठरा इंच, कापून काढलं आणि तेवढाच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने, इपॉक्सी आणि स्क्रू लावून बसवला.

खरी मेहनत सफाईची. सिलिकॉनच्या राहिलेल्या पापुद्र्यावर दुसरं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड नाही. प्लॅस्टिकच्या पत्तीने खरवडायचं, मग सिलिकॉन रिमूव्हर, शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल. जुनी पुट्टी मिनरल टर्पेंटाइनने जाते. लोखंडी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवू नये, लोखंडाचे कण रुततात आणि गंजतात. जागा साफ झाली का हे पाहायला पाणी शिंपडावं. थेंबाचे मोती झाले तर सिलिकॉन अजून आहे, पाणी सपाट पसरलं तर झालं. एका खिडकीला निव्वळ सफाईचे तीन तास लागले. तिथे कंजुषी केली असती तर पुढचं सगळं फुकट गेलं असतं.

टेप ब्युटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, घेतली, २० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड. तीस बाय बावीस इंचाच्या खिडकीचा घेर १०४ इंच, म्हणजे २.६४ मीटर भरतो. तीन खिडक्या, छताची पट्टी आणि नाल्यांसाठी जास्तीची धरून १५ मीटर आणली. ब्युटाइल सहसा वाळून कडक होत नाही, हाच तिचा गुण. तीस इंची ॲल्युमिनियमची चौकट चाळीस अंशांच्या फरकात साधारण ०.७ मिलिमीटर वाढते, मागचं लाकूड तेवढं वाढत नाही. कडक मसाला या रोजच्या ओढाताणीत तडकतो, ब्युटाइल सोबत सरकते.

मात्र उन्हात ती च्युइंगगमसारखी होते आणि कागदच सुटत नाही. म्हणून रोल माठाशेजारी सावलीत ठेवला आणि सकाळी सहा ते नऊ एवढंच लावायचं काम केलं. टेप चौकटीच्या मागे लावायची, कोपऱ्यावर न कापता वळवायची आणि सांधा खालच्या कडेला घ्यायचा, वर कधीच नाही. नालीदार पत्र्यात जिथे खळगा येतो तिथे टेपचा एक जास्तीचा तुकडा आधी दाबून भरायचा. बहुतेक लोक हे करत नाहीत आणि पाणी नेमकं त्याच नालीतून शिरतं.

स्क्रू स्टेनलेसचे, आठ नंबर, तीन-तीन इंचांवर, म्हणजे खिडकीला पस्तीसच्या आसपास. जुने लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमशी लागून पांढरी भुकटी करून बसले होते. भोक सैल असेल तिथे पाऊण इंचाऐवजी एक इंची स्क्रू. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं, हाताने. ड्रिलने एका दमात कसले की स्क्रूजवळची टेप सगळी बाहेर येते आणि दोन स्क्रूंच्या मधे कडेला लाट पडते. चहूबाजूंनी टेपची सारखी रेघ बाहेर डोकावली की थांबायचं. एक दुपार तापू द्यायचं, दुसऱ्या सकाळी पाव-अर्धा फेरा परत आवळायचा, मगच बाहेर आलेली टेप प्लॅस्टिकच्या पत्तीने कापायची. वर आणि दोन्ही बाजूंना पॉलियुरेथेन मसाल्याची बारीक रेघ दिली. खालची कड मोकळी ठेवली, चुकून शिरलेलं पाणी निघायला.

उघडत्या पल्ल्यांचं रबरही आकसलं होतं. डी आकाराचं ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाण्यात टिकणारं, रबर नागपूरहून आणलं. ते ताणून लावायचं नाही, उलट प्रत्येक बाजूला थोडं जास्त ठेवून दाबत बसवायचं. ताणलेलं रबर महिन्याभरात मागे जातं आणि कोपरा उघडा पडतो.

पाचव्या दिवशी पुन्हा पाइप धरला, प्रत्येक खिडकीवर वीस मिनिटं. आत सगळं कोरडं. तरी समोरच्या खिडकीखालची आतली प्लायची पट्टी आम्ही बसवली नाही. मालकांना सांगितलं, "मिरगाचे दोन-तीन पाऊस जाऊ द्या, दर पावसानंतर नव्या सागावर हात फिरवून पाहा. कोरडं लागलं तर फोन करा, पट्टी तेव्हाच ठोकू."