सादळू न देता ब्रुस्केत्ता: केळवणाआधीची वही

१३ एप्रिल

चुलतबहिणीचं केळवण ११ मेला आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी ठरलंय. जेवण काकी आणि बाकीच्या बायका बघणार. त्याआधी खळ्यात गप्पा मारत तोंडात टाकायचं जे काही, ते माझ्याकडे आलंय. माणसं तीस. महिनाभर इथूनच काम करतोय, त्यामुळे सरावाला चार आठवडे हातात आहेत.

पुण्यात दोन वर्षं ब्रुस्केत्ता आणि क्रोस्तीनी करतोय, म्हणजे भाजलेल्या पावाच्या तुकड्यांवर सारण घालून करायचे इटालियन प्रकार. तिथल्या कोरड्या एप्रिलात भाजलेला पाव तासभर तसाच राहतो. इथे आज पहिली खेप केली. ओव्हनमधून काढला तेव्हा दाताखाली कुर्रकन मोडत होता, वीस मिनिटांनी ताटातला तोच पाव वातड. वर काही घातलंही नव्हतं, नुसत्या खाऱ्या दमट हवेनेच सादळला. म्हणजे या महिन्याचं काम हेच: पाव कुरकुरीत ठेवायचा. वरचं सारण त्यानंतर.

उच्चाराबद्दल एकदाच लिहून ठेवतो, कारण इथल्या पोरांनी आजच विचारलं. ब्रुशेटा नव्हे, ब्रुस्केत्ता. इटालियनमध्ये सी-एचपुढे ई आला की उच्चार क होतो. शब्द रोमकडच्या बोलीतल्या ‘ब्रुस्कारे’ या क्रियापदातून आलाय, अर्थ निखाऱ्यावर भाजणे. इटलीतल्याच तोस्काना प्रांतात याच पदार्थाला फेत्तुन्ता म्हणतात, म्हणजे तेलाने माखलेली फोड. नवं ऑलिव्ह तेल घाण्यावरून आलं की भाजलेल्या पावावर लसूण घासायचा, वर तेल सोडायचं आणि तेल कसं उतरलंय ते चाखायचं. टोमॅटो हा पुढचा प्रकार. हे मनाशी पक्कं असलं की सारणाचा ढीग रचायचा मोह होत नाही. क्रोस्तीनी त्याहून लहान नि पातळ, दोन घासांत संपणारी. खळ्यात उभ्याने खायला तीच सोयीची, म्हणून माझे तुकडे मापाने क्रोस्तीनी आणि पद्धतीने ब्रुस्केत्ता आहेत.

१९ एप्रिल

पावाचे तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवून भाजले.

लादी पाव बाद. सगळा मऊ भागच, कवच नाही, आणि त्यात साखर असल्याने वरून पटकन लाल होतो पण आत ओलाच राहतो. पिशवीतला स्लाइस ब्रेड भाजला जातो बरा, पण लसूण घासायला गेलं की पाकळी नुसती घसरते. पदेराकडचा, म्हणजे गावच्या पाववाल्याकडचा, कडक पाव मात्र जिंकला. लाकडाच्या भट्टीतला, वरून जाड कवच, आत मोठी छिद्रं. कवच तुकड्याला कडेने धरून ठेवतं, त्यामुळे ओलं सारण घातलं तरी मधोमध वाकत नाही.

पाव आदल्या दिवशीचाच घ्यायचा. ताजा कापताना दबतो आणि त्यात पाणीही जास्त असतं. तिरका कापला तर एका पावाचे पाच तुकडे पडतात, जाडी बोटभर नाही, साधारण १ सेंटीमीटर. माणशी तीन धरले तर ९० तुकडे, म्हणजे १८ पाव. २० सांगून ठेवतो.

२० एप्रिल

टोमॅटो. थोडक्यात: बिया काढल्या, बारीक चिरले, किलोला दीड छोटा चमचा मीठ लावून चाळणीत अर्धा तास ठेवले. खाली वाटीभराहून जास्त पाणी निथळलं. १ किलोचे शेवटी ६०० ग्रॅमच्या आसपास राहिले. हे पाणी एरवी पावातच गेलं असतं. काकीने ते लगेच सारात घेतलं.

इटालियन बेसिल इथे मिळत नाही, पण परसात सब्जा आहे. सब्जा आणि बेसिल वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे, ओसिमम बॅसिलिकम. तुळस वेगळी, ती इथे चालत नाही, लवंगेसारखा वास पुढे येतो. सब्ज्याच्या पानाला बडीशेपेची छटा जास्त, म्हणून बेसिलच्या निम्मीच पानं घेतली आणि हाताने तोडली. टोमॅटोवर छान बसली.

२७ एप्रिल

आजचा दिवस ओल्या काजूगरांचा, आणि खरं सांगतो, या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आनंद इथे मिळाला.

करायचा होता पेस्तो, म्हणजे इटलीतल्या जेनोवाचं बेसिलचं वाटण. नाव ‘कुटणे’ या अर्थाच्या शब्दावरून पडलंय आणि मुळात त्यात चिलगोज्यासारख्या पाइनच्या बिया असतात. आमच्या आवारात काजूच्या वेंगुर्ला-४ या वाणाची कलमं आहेत. हंगाम संपत आलाय, तरी हिरव्या बिया पाटीभर मिळाल्या. हाताला खोबरेल चोपडलं, राख जवळ घेतली आणि काकीबरोबर ओटीवर बसलो. कोयत्याने बी उभी चिरायची, आतला गर टोकाने अलगद काढायचा. टरफलातला चीक लागला की कातडी सोलवटते. मी एकदा विसरून गालाला बोट लावलं, तिथे काळा डाग उठला. गर गरम पाण्यात टाकला की वरची साल चिमटीत सरकन निघते आणि आतून दुधासारखा पांढरा काजू येतो. सुक्या काजूचं तूप-तूप जडपण त्यात नाही, कोवळ्या खोबऱ्याजवळची चव.

मिक्सर वापरला नाही. पाट्यावर आधी गावठी लसणाच्या दोन पाकळ्या आणि खडेमीठ, मग सब्जा, मग काजूगर, शेवटी तेल आणि लिंबू. चीज घातलं नाही. एकदा घालून पाहिलं, तर ओल्या काजूची चव दिसेनाशी झाली. वाटण रवाळच ठेवायचं. गुळगुळीत झालं की पावावर नुसता लेप बसतो. हे सारण टोमॅटोइतकं पाणी सोडत नाही, त्यामुळे लावलेला तुकडा दहा मिनिटं तग धरतो. उरलेले सोललेले गर पार्टीसाठी फ्रीजरमध्ये ठेवले.

४ मे

दुपारपासून वीज नव्हती. ओव्हन बंद. रविवारचा सराव वाया घालवायचा नव्हता, म्हणून परसातल्या चुलीवर भाजायचं ठरवलं. आता वाटतं, सुरुवातच इथून करायला हवी होती. नावातच निखारे आहेत.

जळण करवंट्यांचं. त्या भडकन पेटतात आणि मोठी ज्वाला देतात. मी त्या ज्वाळेवरच जाळी ठेवली. पहिले सहा तुकडे कडेने कोळसा आणि मधे पांढरे. काकी मागे उभी होती. “घाय कित्याक करतंस? निखारे पांढरे होवंदेत, मगे ठेव.” दहा-बारा मिनिटं थांबलो. ज्वाला बसली, निखाऱ्यावर राखेचा पातळ थर आला. मग निखाऱ्यांपासून वीतभर अंतर ठेवून प्रत्येक बाजू दीड मिनिट. रंग एकसारखा आला, वर जाळीच्या रेघा, आणि करवंटीच्या धुराचा हलका वास जो ओव्हन कधीच देणार नाही.

लसूण गरम असतानाच घासायचा. भाजलेला खडबडीत पृष्ठभाग किसणीसारखं काम करतो, पाकळी डोळ्यांदेखत झिजते. गार झाल्यावर घासला तर वासही लागत नाही. गावठी लसूण तिखट, तेव्हा एका बाजूला दोनच फिरक्या.

पण निखाऱ्यावर भाजलेला तुकडाही अर्ध्या तासाने सादळला. बाहेरून लाल झाला तरी आतला ओलावा तसाच होता, आणि वर हवेतली वाफ. यावर उपाय खारी टोस्टवाल्यांकडे आहे: दोनदा भाजणे.

९ मे

उपाय चालला. तुकडे आदल्या दिवशी ओव्हनमध्ये १२० अंशांवर २५ मिनिटं ठेवायचे, मधे एकदा उलटून. तेल अजिबात नाही. रंग येऊ द्यायचा नाही, फक्त वाळवायचे. टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे. जाळीवर पूर्ण गार करून पत्र्याच्या डब्यात, सोबत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, जशी मिठाच्या बरणीत टाकतात तशी. गरम असताना डबा बंद केला तर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. पहिल्या डब्याचं तेच झालं. वाढायच्या वेळी निखाऱ्यावर बाजूला जेमतेम पाऊण मिनिट, रंग आणि वास तेवढ्यात येतो.

तिसरं सारणही आज ठरलं: सुका जवळा. इटलीत लोणी आणि अँचोवीची क्रोस्तीनी करतात, खारवलेली मासळी आणि त्याला उतारा म्हणून लोणी. जवळा निवडून तव्यावर कोरडा भाजला, लोण्यात लसूण आणि सुकी मिरची परतून त्यात टाकला, वर लिंबू. एक खेप खोबरेलातही केली. जवळ्याला खोबरेल शोभतं, टोमॅटोला नाही, तिथे ते सगळ्यावर चढतं. ऑलिव्ह तेल मी कधीच तापवत नाही, वाढताना वरून सोडतो.

११ मे

संध्याकाळी सहाला निखारे तयार. तीन सारणं तीन वाडग्यांत, पाव डब्यात, लसूण ताटलीत. भरून काहीच ठेवलं नाही. भाजून, लसूण घासून तुकडा हातात द्यायचा आणि सारण ज्याचं त्याने घ्यायचं. मी आणि धाकटा मावसभाऊ जाळीवर, एका खेपेला बारा तुकडे.

जवळा सर्वांत आधी संपला. शाकाहारी मंडळींनी काजूगर संपवले. नवरीने टोमॅटोचे चार खाल्ले आणि जेवणाला बसताना काकीची बोलणी ऐकली. टोमॅटोला चाळणीत अर्धा तास कमी पडला, आंबट पाणी तळाशी पुन्हा जमलं होतं. इथल्या हवेत वाढेपर्यंत चाळणीतच ठेवायचा आणि खाली भांडं.

जाळी मात्र लहान पडली. तीस माणसं एकदम आली की बाराची खेप पुरत नाही. गणपतीला दुसरी जाळी आणि दुसरी चूल लावणार.

१४ मे

डब्यात आठ तुकडे उरले होते. आज उघडले, पाचवा दिवस. टिचकीला अजून पोकळ आवाज येतोय. काकीने त्यातले दोन चहात बुडवून खाल्ले. “ह्यो पाव चायवांगडा बरो लागता,” म्हणाली आणि डबा स्वतःच्या फडताळात नेऊन ठेवला.