काशाची वाटी

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून आजीचं बोलणं जवळजवळ बंद आहे. आज सदाशिव पेठेतल्या घरी गेले तर स्वारी भयंकर चिडलेली. फिजिओथेरपीवाल्या मुलीला हात लावू देईना. आम्ही सगळे तिच्याशी मोठमोठ्यानं बोलत होतो, जसे काही तिचे कान गेलेत.

आत्या सांगलीहून आली आहे. तिनं टीव्ही बंद केला, पायाशी बसली, तळव्याला तूप लावून काशाची वाटी फिरवायला लागली. टाचेपासून बोटांपर्यंत, अगदी सावकाश. एक शब्द नाही. तूप काळं पडत गेलं. (अंगातली उष्णता निघते म्हणून काळं होतं, असं आत्याचं म्हणणं. तो काशाचा आणि तुपाचा मामला आहे, पण आत्याशी वाद कोण घालणार!) मग ती दंडावरून नुसता हात फिरवत राहिली, तशी आजीची आवळलेली मूठ सुटली.

लव असलेल्या त्वचेत हळुवार स्पर्शाला दाद देणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या संथ गतीनं हात फिरला की ते सर्वात जास्त जागे होतात. आत्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पक्षाघात यानं जात नाही, व्यायाम आणि गोळ्या चालूच राहणार. पण संध्याकाळी आजीनं त्या मुलीला हात धरू दिला.

आत्या परवा वाटी घेऊन परत जाणार. तुळशीबागेत काशाची चांगली वाटी कुठे मिळेल?