घरातली अकरा मतं

आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांचं, एक ठरलेलं वाक्य होतं : "आमच्या घरात अकरा मतं हाईत." गटाचा माणूस दारात आला की चहाच्या आधी हे बाहेर पडायचं. कोल्हापुरात आधी गट, मग पक्ष. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात तर दोन गटांची माणसं एका पंगतीत जेवतात आणि निवडणूक लागली की महिनाभर एकमेकांकडे बघत नाहीत.

7 मे 2024. लोकसभेचं मतदान करून सगळे शाईच्या बोटांचे फोटो काढत होते आणि माझी धाकटी जाऊ आत भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "अक्का, माझं नाव अजून माहेरच्या यादीत आहे. एका मतासाठी गडहिंग्लजला कोण जाणार?" लग्नाला नऊ वर्षं झालेली. म्हणजे आबांची अकरा मतं नऊ वर्षं दहाच होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

तेव्हा ठरवलं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मटणाचं जेवण झालं की तासभर सगळ्यांनी सोप्यात बसायचं आणि निवडणूक चालते कशी, तेवढंच बोलायचं. कुणी उमेदवाराचं, पक्षाचं किंवा गटाचं नाव घेतलं की पन्नास रुपये स्टीलच्या डब्यात. आबा म्हणाले, "आता सुना आमाला मतदान शिकवणार व्हय?" पहिल्या रविवारी डब्यात साडेचारशे जमले, त्यातले तीनशे त्यांचेच. सगळ्यांना कॉकटेल आइस्क्रीम मिळालं.

त्या दिवशी आम्ही निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर एकेकाचं नाव शोधलं. भावजींचं वय चुकलेलं. वारून सहा वर्षं झालेल्या आजेसासूबाई यादीत ठणठणीत. मी उत्साहात जावेसाठी नमुना 6 भरायला घेतला होता, तेवढ्यात पुतण्यानं अडवलं. 6 फक्त नव्या मतदारासाठी. पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला 8, नाव वगळायला 7. तिचा 6 भरला असता तर नाव दोन ठिकाणी झालं असतं, आणि ते कायद्याला चालत नाही.

पहिला अर्ज नामंजूर झाला. पत्त्याच्या पुराव्याचा फोटो मीच स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली काढला होता, काही वाचता येत नव्हतं. दुसऱ्या वेळी बीएलओ, म्हणजे आमच्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या बाई, घरी येऊन बघून गेल्या. जावेनं त्यांना चहा दिला आणि शेवटपर्यंत "माझं नाव येईल ना?" एवढंच विचारत राहिली. विधानसभेच्या आधी नाव आलं.

मधल्या एका रविवारी मी सांगितलं की 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता 'अमक्याची बायको, तमक्याची मुलगी' असंच सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा हुता. सोताच्या नावाला कुठला उखाणा?" त्यांचंही एक निघालं. मागे एका निवडणुकीत त्या केंद्रावर पोचल्या तर त्यांच्या नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलेलं. त्या मुकाट्यानं परत आल्या होत्या. अशा वेळी ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे आपलं मत वेगळं नोंदवायचा कागद, मागता येते, हे कळल्यावर बराच वेळ गप्प बसल्या.

सगळ्यात रंगली ती खोटी निवडणूक. उमेदवार मिसळ, कटवडा, खांडोळी आणि नोटा, म्हणजे 'यातलं कुणीच नको'. आबांनी मिसळीचा उघड प्रचार केला, घरातल्या प्रत्येकाकडून शब्द घेतला. चिठ्ठ्या मोजल्या तर कटवड्याला सहा, मिसळीला तीन, खांडोळीला एक, नोटाला एक. "कुणी फिरवलं?" म्हणून आबा तोंडं निरखत राहिले. कुणीच सांगितलं नाही. माझी सासूबाई पदराआड हसत होती, एवढंच मी सांगेन.

महापालिकेची निवडणूक लागली, 2015 नंतर पहिल्यांदाच. आता आमच्या प्रभागात एकेकाला चार मतं. चार रंगांचे कागद कापून सराव केला, कारण चारही जागांचं बटण दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. कुणी नको असेल तर त्या जागेचा नोटा दाबायचा. लोकसभेला मत कुणाला गेलं ते सात सेकंद दाखवणारी चिठ्ठी इथं नसते, हेही आबांना दोनदा सांगावं लागलं. पुतण्या मात्र फुगून बसला. सप्टेंबरात अठरा पुरे झाले, 1 ऑक्टोबरची अर्हता तारीख (ज्या दिवशी अठरा पुरे हवेत ती) धरून अर्जही केला, पण महापालिकेसाठी 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादीच प्रभागवार फोडलेली, म्हणजे त्याचं नाव त्यात नाहीच. त्याला आम्ही डब्याचा खजिनदार केला.

15 जानेवारी 2026 च्या मतदानाच्या आठवडाभर आधी गटाचा माणूस आला. आबा म्हणाले, "अकरा हाईत. कुणाची कुठं जात्यात, ते मलाबी सांगत न्हाईत." त्यानं हसत गटाचं नाव घेतलं, तसा पुतण्या डबा घेऊन पुढे झाला. माणसानं शंभराची नोट काढली, सुटे नव्हते.

आबांनी ती त्याच्या खिशात परत घातली. "आचारसंहिता लागलीया," म्हणाले, आणि स्वतःचे पन्नास डब्यात टाकले.