दत्तक म्हणजे जायचं

बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून मुलीचं नाव, पेठ, शाळा यातलं काहीच लिहीत नाही. साडेआठ वर्षांची, तिसरीतली. पाचव्या वर्षी एसटी स्टँडवर एकटी सापडली, वर्षभर बालगृहात राहिली आणि सहा पूर्ण झाल्यावर कोल्हापुरातल्याच एका कुटुंबात प्रतिपालकत्वावर, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये गेली : दत्तक न घेता मूल काही काळ घरात सांभाळायचं. त्याला सव्वादोन वर्षं झाली होती. आता तेच नवरा-बायको तिला दत्तक घेणार होते, आणि त्याची फाइल आम्हा सामाजिक कार्यकर्त्यांकडे होती.

पूर्वी यासाठी पाच वर्षं थांबावं लागायचं, 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी ती मुदत दोनवर आणली. वयाचंही बसत होतं. आठ वर्षांपुढच्या मुलासाठी दोघांच्या वयाची बेरीज 110 पर्यंत चालते, यांची 97 होती. त्यांचा थोरला मुलगा कॉलेजात, त्याची लेखी संमती घेतली. गृह अध्ययन अहवाल (घर पाहून लिहिलेला), डॉक्टरांचे दाखले, उत्पन्नाचा दाखला, विवाह नोंदणी, ओळखीच्या दोघांची पत्रं, सगळं जागेवर होतं.

रखडलं ते जुन्या फाइलमुळे. सापडलेलं मूल दत्तकासाठी कायदेशीर मुक्त आहे, म्हणजे ते दत्तक द्यायला हरकत नाही, असं जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या किमान तीन सदस्यांनी ठरवून जाहीर करावं लागतं. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिन्यांची मुदत, त्याहून मोठ्यासाठी चार महिन्यांची. या फाइलीत वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं कात्रण होतं, पण पोलिसांचा ‘पालक मिळून येत नाहीत’ हा अहवालच नव्हता. मूल चांगल्या घरात आहे म्हटलं की त्या कागदाच्या मागं कुणी लागत नाही, आणि कागद नसला की मूल वर्षानुवर्षं अधांतरी राहतं. याची खरोखर चीड येते. तो अहवाल मिळवला, समितीचा आदेश झाला, तेव्हा कुठं संमतीचा दिवस ठरला.

पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते. ती घेताना पालकांना आधी बाहेर बसवायला हवं होतं. त्या दिवशी आम्ही ते केलं नाही, कारण उत्तर ठरलेलंच आहे असं सगळ्यांना वाटत होतं. सरळ विचारलं, “यांनी तुला दत्तक घ्यावं, चालेल?”

ती दप्तराची चेन उघडत-मिटत होती. हात थांबला.

“नको. मी न्हाई जाणार.”

आईचा चेहरा पांढरा पडला. वडिलांनी सावरायला घेतलं. “अगं, आपले शाहू महाराजसुद्धा दत्तकच. कागलच्या घाटग्यांचा मुलगा, नऊ वर्षांचा असताना, 1884 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला.” कोल्हापुरात दत्तकाची गोष्ट निघाली की हा दाखला हटकून येतोच, आणि तो मनापासूनच दिलेला असतो.

तिनं विचारलं, “मग त्यांना कागलचं घर सोडायला लागलं?”

तेव्हा उलगडा झाला. बालगृहात तिनं ‘दत्तक’ हा शब्द ऐकला होता तो असा : सकाळी एखाद्याला नवा फ्रॉक, दारात गाडी, सगळ्यांनी टाटा करायचा, आणि ते मूल पुन्हा दिसायचं नाही. दत्तक म्हणजे जायचं. तिला हे घर नको नव्हतं, तिला या घरातून कुठं जायचं नव्हतं. आम्ही आई-वडिलांना प्रक्रिया तीनदा समजावली होती, आणि जिचं आयुष्य त्यावर ठरणार तिला एकदाच, तीही घाईत.

तिथंच तिची समजूत काढून सही घेता आली असती. घेतली नाही. घाबरलेल्या मुलाची संमती ही संमती नसते, आणि अशी भीती पुढं अंथरूण ओलं करण्यात, चोरून खाऊ साठवण्यात बाहेर येते.

तीन आठवडे मागून घेतले. चित्रकलेच्या वहीत तिचं जीवनपुस्तक केलं. पहिल्या पानावर एसटी स्टँड, मग बालगृहातल्या मावशी, या घरातली पहिली रात्र, पडलेला दात, शाळेचा पहिला दिवस. आईबद्दल एकच वाक्य लिहिलं : ‘आई शोधली, सापडली नाही.’ ‘देवाघरी गेली’ म्हणायचं नाही, ‘टाकून गेली’ही नाही. जे ठाऊक आहे तेवढंच. अठरा पूर्ण झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घ्यायला अर्ज करता येतो. तेव्हा आजचं खोटं उघडं पडतं आणि घरावरचा विश्वास उडतो.

आणि ‘दत्तक’ हा शब्द बाजूला ठेवला. काय बदलणार नाही ते आधी सांगितलं : घर, खोली, शाळा, मांजर. मग काय बदलणार ते : जन्मदाखल्यावर यांची नावं, शाळेच्या जनरल रजिस्टरला आडनाव, आणि कुणी परत न्यायला येणार नाही.

दुसऱ्या बैठकीला आई-वडील बाहेर होते. तिनं कागद स्वतः वाचला, “सही कुठल्या नावानं?” म्हणून विचारलं. आत्ताच्याच नावानं, म्हणालो. तिनं ती केली, आणि खाली पेन्सिलीनं नव्या आडनावाचीही करून पाहिली. तो पेन्सिलीचा कोपरा आम्ही खोडला नाही.

1 सप्टेंबर 2022 पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. सुनावणी बंद खोलीत होते आणि दोन महिन्यांत निकाल द्यायचा असतो. आदेशानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी आमची घरभेट असते. पहिल्या भेटीला गेलो तेव्हा तिनं दार अर्धंच उघडलं आणि आमच्या मागं रस्त्यावर डोकावून पाहिलं. गाडी नव्हती. मग पूर्ण उघडलं. पुढच्या भेटीला यायच्या आधी तिला स्वतः फोन करायचा, हे त्याच दिवशी फाइलीवर लिहून ठेवलं.