रामलिंगच्या घाटात बतासियाची आठवण

डोंगर रेल्वेने चढताना पाहायचा असेल तर त्याच्या पायथ्याशी जाऊन गाडीत बसावे लागते. म्हणून श्रावणातल्या एका सकाळी येडशीच्या थोरल्या काकांना सोबत घेऊन मी एसटीने घाट उतरलो आणि बार्शीच्या फलाटावर परतीच्या पॅसेंजरची वाट पाहत बसलो. काकांनी ऐंशी ओलांडली आहे. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने त्यांनी लहानपणापासून हा घाट इतक्या वेळा पार केला आहे की, त्यांच्या दृष्टीने घाट म्हणजे रस्ता नव्हे, रूळच.

बार्शी लाइटचा पहिला टप्पा 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झाला आणि 1911 पर्यंत ही गाडी निजामाच्या मुलखात, लातूरपर्यंत पोहोचली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने तिची आखणी केली होती. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट होते आणि इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडणार नाही, असा त्याचा दंडक होता. रूळ हलके, पूल हलके, आणि मुख्य म्हणजे वळणे आवळता येण्याजोगी. अरुंद मार्गाची गाडी थोड्या जागेत वळू शकते आणि डोंगरात नेमके तेच लागते. कालका ते शिमला हा 1903 मध्ये सुरू झालेला मार्गही याच अडीच फुटी मापाचा आहे, हे मी सांगितले तेव्हा काकांना आपल्या गाडीचा एखादा दूरचा नातलग सापडल्यासारखा आनंद झाला.

पॅसेंजर निघाली. बार्शी मागे पडून बालाघाटची रांग जवळ येऊ लागली, तसे शेतांमधल्या सोयाबीनच्या हिरव्या पट्ट्यांत माळाचे खडकाळ तुकडे दिसू लागले. मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली खिडकीच्या कडेवर आडवी ठेवली. गाडी एका गतीने चालली असताना बाटलीतले पाणी समपातळीत राहते आणि बाटली मात्र रुळांबरोबर कलते, त्यामुळे चढ दिसायला हवा. काका डोळे बारीक करून पाहत होते, पण फरक इतका थोडा होता की मलाही तो पाण्याच्या रेषेवर बोट धरूनच ओळखता आला. शंभराला एक असा चढ असला तरी वीतभर लांबीच्या बाटलीत पाण्याची पातळी एका टोकाला दुसऱ्या टोकापेक्षा जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर वर येते. माणसाच्या पायाला जो चढ जाणवतही नाही, तो शेकडो टनांच्या गाडीला मात्र चांगलाच जाणवतो.

याचे कारण पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातल्या अत्यल्प घर्षणात आहे. सपाटीवर याच गुणामुळे रेल्वे स्वस्तात प्रचंड ओझे ओढते, आणि चढावर याच गुणामुळे चाक घसरून जागच्या जागी फिरू लागते. म्हणून रेल्वेला उंची हवी असेल तर ती लांबीच्या मोबदल्यातच मिळते. शंभराला एक या हिशेबाने शंभर मीटर वर जायला दहा किलोमीटर धावावे लागते. बोरघाटात आणि थळघाटात सदतिसाला एक इतका कडक चढ पत्करावा लागला. तिथे आजही गाडीच्या पाठीमागे बँकर, म्हणजे मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडावी लागतात, आणि 1863 मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गावर तर 1929 पर्यंत गाडी खंडाळ्याच्या बाजूला एका ठिकाणी थांबून दिशा उलटी करून पुढे जात असे.

पण डोंगर उभा असेल आणि लांबी पसरायला जागाच नसेल तर? त्याचे उत्तर मी गेल्या दिवाळीनंतर दार्जिलिंगला पाहिले. तिथली गाडी दोन फुटी रुळांवर धावते आणि 2,258 मीटर उंचीवरच्या घुम स्थानकाला जाते. दार्जिलिंगहून घुमकडे चढताना वाफेच्या इंजिनाच्या अगदी पुढे दोन माणसे बसलेली होती आणि चाक घसरू लागले की ती मुठीने रुळांवर वाळू टाकत होती. घुमच्या अलीकडे बतासिया आहे. तिथे 1919 मध्ये चढ सौम्य करण्यासाठी रूळ चक्क गोलाकार वळवून स्वतःच्याच वरून नेले. आम्ही ज्या पुलाखालून गेलो, काही मिनिटांत त्याच पुलावर होतो. मध्यभागी बाग आणि गोरखा जवानांचे स्मारक आहे, सभोवती गाडीचा वेढा, आणि समोर त्या दिवशी कांचनजंगा स्वच्छ दिसत होते. सहप्रवासी छायाचित्रे काढण्यात गुंतले असताना मी पुलाच्या कठड्यापाशी उभा राहून खालचे रूळ पाहत होतो. चार पावलांत उडी मारून खाली जाता येईल इतके ते जवळ होते, आणि तेवढीच उंची चढायला इंजिनाला तो सगळा वेढा घालावा लागला होता.

आमची पॅसेंजर धाराशिव घेऊन येडशीला आली. रुंदीकरण करताना हा मार्ग जिल्ह्याच्या गावावरून नेण्यात आला. छोट्या गाडीला धाराशिव शहर लागत नसे. 2008 पासून लातूर ते कुर्डुवाडी हे सारे अंतर मोठ्या रुळांवर आहे आणि घाटातली जुनी वाट गवताखाली गेली आहे. दुपारी आम्ही रामलिंगला उतरलो. दरीतल्या महादेवाचे दर्शन घेऊन काका मला झाडीतल्या एका जुन्या भरावापाशी घेऊन गेले. आता तिथे रूळ नाहीत, पण काळ्या खडीचे तुकडे मातीतून अजून डोकावतात.

"आरं, डोंगर कुटं चढायची ती? वळत वळत कवा वर यायची, कळायचंबी न्हाई," काका म्हणाले. त्यांच्या लहानपणी ते मुद्दाम शेवटच्या डब्यात बसत, कारण वळणावर पुढचे इंजिन आपल्याच खिडकीतून आडवे दिसे.

मी त्यांना श्रीलंकेतल्या देमोदराची गोष्ट सांगितली. 1924 मध्ये बदुल्ल्यापर्यंत पोहोचलेल्या त्या मार्गावर देमोदरा स्थानकाखालूनच बोगदा जातो आणि स्थानकातून सुटलेली गाडी डोंगराला वेढा घालून त्या बोगद्यात शिरते. मळ्यातला मुकादम डोक्याला मुंडासे गुंडाळताना पाहून तिथल्या अभियंत्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, काकांना ती ताबडतोब पटली. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, गुडघ्यावर एक वेढा दिला, दुसरा पदर पहिल्यावर चढवला आणि त्या दोन पदरांमधल्या फटीत बोट घालून विचारले, "ह्याच्यातनं गाडी जायला किती जागा लागंल?"

प्रश्न अभियंत्याचा होता. वेढा घालायचा तर वरचा रूळ खालच्या गाडीच्या टपापेक्षा उंच आला पाहिजे, म्हणून वेढ्याची लांबी आणि चढ यांचा मेळ बसावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या तेहाचापीचा 1876 चा वेढा साधारण 1,150 मीटर लांब आणि पन्नासाला एक चढाचा आहे. त्यात गाडी 23 मीटर वर येते, आणि लांबलचक मालगाडी असेल तर तिचे इंजिन स्वतःच्याच मागच्या डब्यांवरून जाते. वर्तुळ लहान केले तर वळणावरचा विरोध वाढतो, तिथे चढ आणखी सौम्य ठेवावा लागतो, आणि मिळणारी उंची पुन्हा कमी होते. बालाघाटाच्या कडेला मात्र रांगेच्या अंगाअंगाने वळत जायला जागा होती, म्हणून आपल्या गाडीला स्वतःला ओलांडावे लागले नाही.

काकांनी हे सगळे नीट ऐकून घेतले, रुमाल झटकून पुन्हा डोक्याला बांधला आणि भरावावरची खडी चाचपत, छोटे इंजिन नेमके कोणत्या वळणावर शिट्टी द्यायचे ती जागा शोधू लागले.