वडाळ्याच्या वाटेवर: माणूस आला कुठून?

आषाढीला पंढरपूर गाठता आलं नाही की मुंबईकर वडाळा गाठतो. कात्रक रोडवरच्या विठ्ठल मंदिराला प्रतिपंढरपूर म्हणतात ते उगाच नाही. आमची दिंडी पहाटे प्रभादेवीहून निघाली. पुढे पताका, मग टाळकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका आणि पावसाची रिपरिप.

टिळक पुलाच्या चढावर जे झालं ते जसंच्या तसं सांगते. माझ्या पुढच्या मावशी अनवाणी होत्या. भेगाळलेली टाच आधी टेकायची, भार तळव्यावरून सरकत अंगठ्यापर्यंत जायचा, अंगठा रेटा देऊन सुटायचा. तेवढंच बघत मी टाळाच्या ठेक्यावर चालत होते. मध्येच ‘मी’ गळून पडलं. चालणं होतं, नाम होतं, चालणारी कुणी नव्हती. खालून लोकल धडधडत गेली तेव्हा भान आलं. डोळे वाहत होते. तो विठ्ठलच होता, असं मी मानते.

पूल उतरताना शेजारच्या काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “पोरी, मला तर ध्यानात स्पष्ट दिसलंय. आपण कृत्तिका नक्षत्रातल्या ताऱ्यांवरून आलोय. माकडाबिकडापासून नाही, कुणीतरी आणून सोडलंय आपल्याला.” त्यांचेही डोळे भरले होते. पण मला मान डोलावता येईना.

कारण ती टाच. टांझानियात लायटोलीला १९७८ मध्ये आदिमानवाचे अवशेष शोधणाऱ्या मेरी लीकी यांच्या पथकाला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं सापडली, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची. तिथेही टाच आधी टेकलेली, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत. ज्यांची ती पावलं मानतात, त्यांचा मेंदू चिंपांझीपेक्षा फार मोठा नव्हता. म्हणजे चालणं आधी आलं, मेंदू कितीतरी नंतर वाढला. तयार माणूस वरून उतरला असता, तर ही मधली पायरी जमिनीत कशी मिळाली असती?

स्विस लेखक एरिक फॉन डॅनिकेन यांनी १९६८ पासून देव म्हणजे परग्रहावरचे पाहुणे हे जगभर पोचवलं. आता वेरूळचं कैलास लेणंही लोक त्या पाहुण्यांच्या नावावर टाकतात. याचा मला खरंच राग येतो. छिन्नी-हातोडीने अख्खा कातळ कळसापासून खाली कोरत आणणाऱ्यांचं श्रेय आपणच कसं काढून घेतो?

जीवाची बीजं अवकाशातून आली का, हा प्रश्न निराळा आणि चांगला. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा तपासली. सूक्ष्मजीव मिळाले, पण ते पृथ्वीबाहेरचेच आहेत हे ठरलं नाही. शोधायचं तर असं.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते ॲलिस्टर हार्डी. हे सागरी जीवशास्त्रज्ञ. माणसाचे पूर्वज काही काळ उथळ पाण्यात वावरले, म्हणून अंगावरचे केस गेले, कातडीखाली चरबी आली, असं त्यांनी १९६० मध्ये मांडलं. जीवाश्मांनी साथ दिली नाही आणि बहुतेक मानववंशशास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. याच हार्डींनी १९६९ मध्ये ऑक्सफर्डला धार्मिक अनुभवांच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. रोजच्या ‘मी’हून वेगळ्या शक्तीची जाणीव तुम्हाला कधी झाली का, असं त्यांनी साध्या माणसांना विचारलं. अशा सहा हजारांहून जास्त नोंदी आज वेल्समध्ये जपून ठेवल्या आहेत. पूर्वजांची गोष्ट त्यांनी हाडांवर सोपवली, अनुभवाची अनुभवणाऱ्यांवर.

दर्शनाच्या रांगेत काकांनी विचारलं, “म्हणजे मला दिसलं ते खोटं?”

“खोटं कसं म्हणू, काका? पण आधी नक्की काय दिसलं?”

ते थांबले. “उजेड. नुसता उजेड. तारे नंतर आले. त्याचे व्हिडिओ मी बरेच बघितले होते म्हणा.”

“मग उजेड लिहून ठेवा. तारीख, वेळ, कुठे बसला होतात, सगळं.”

“लिहितो. पण कृत्तिका मी सोडायचो नाही हं.”

“नका सोडू. फक्त वेगळ्या पानावर लिहा.”